फडताळातली तिसरी जागा

४ नोव्हेंबर, मंगळवार

अडाणी म्हणाले नाहीत, एवढंच! बाकी सगळं म्हणून झालं.

नव्या साहेबांना येऊन अजून महिना झाला नाही. आज मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, पेन्सिल टेबलावर आपटत — "मॅडम, अर्ध्या गोष्टी फाइलींमध्ये, अर्ध्या डेटाबेसमध्ये. हा काय घोळ आहे? सगळं एका जागी हवं. डेटाबेसमध्ये."

घोळ! नऊ वर्षं बिनबोभाट चाललंय ते! आमच्याकडे कृत्रिम पाय बनतात. पेशंटच्या मापांचे आकडे म्हणजे चार ओळी, त्या डेटाबेसच्या तक्त्यात नीट बसतात. पण त्याच पायाच्या साच्याचा स्कॅन असतो अगडबंब. तो तक्त्यात कोंबला तर तक्ताच लंगडेल. तो फाइल म्हणून डिस्कवर पडलेलाच बरा. म्हणून तर मी मध्ये एक थर लिहिला. त्याला मी फडताळ म्हणते. बाकीच्या प्रोग्रॅमने फडताळाला फक्त म्हणायचं — ठेव. हवं तेव्हा म्हणायचं — आण. कुठल्या कप्प्यात ठेवलं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. उद्या सगळं डेटाबेसमध्ये हवं असेल तर सेटिंगची एक ओळ बदलायची. एक! सगळं जिथे साठतं ते संगणकाचं मशीनसुद्धा बंद करावं लागत नाही.

हे सांगितलं, तर म्हणतात, "इतकी लवचिकता बरी नव्हे. वस्तू कुठे आहे हे माणसाला माहीत असावं."

उंटावरचे शहाणे! घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "तुझं नाक तुझ्यापुढे चार पावलं चालतं. कधीतरी ठेच लागेल." म्हणजे इथेही मीच!

५ नोव्हेंबर, बुधवार

दाखवलंच आज त्यांना!

साहेब म्हणाले, तुमच्या चाचणीच्या मशीनवर काय, काहीही चालेल, खऱ्या मशीनवर दाखवा. म्हटलं, चला. बारा वाजता बसले. ओळ बदलली — सगळं फाइलींत. एक खोटं माप टाकलं, परत मागवलं. आलं! ओळ बदलली — सगळं डेटाबेसमध्ये. आलं! मग म्हटलं होऊनच जाऊ दे, तिसरी जागाही दाखवते. ती खरं तर चाचणीपुरतीच असते — ना फाइल ना तक्ता, वस्तू नुसती मशीनच्या चालत्या मेमरीत धरून ठेवायची. तिथूनही आलं, आणि तेही विजेसारखं. जुनी मापं मागितली, तीही आली. ठेवताना फडताळ ओळीत लिहिलेल्या जागी ठेवतं, पण शोधताना सगळ्या जागा पाहतं. कुणाचं काही हरवत नाही!

मशीन सांभाळतो त्या मशीनवाल्याने तर टाळी वाजवली. साहेब काय म्हणाले? "जादू छान आहे. पण जादूगार रजेवर गेला की काय करायचं?"

जादू! घोळ झाला, आता जादू! खुर्ची सरकवली ती भिंतीला आपटली, आणि मी थेट खाली मापघरात गेले. काकांनी हातावरचं प्लास्टर धुऊन पाणी दिलं. म्हणाले, "आधी पाणी पी. मग कुणाला मारायचं ते ठरवू."

काका आहेत म्हणून तिथे टिकले आहे. सत्तावीस वर्षं मापं घेतायत. पाय हातात घेतला की सांगतात, हा माणूस चालताना डावीकडे झुकत असणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मापघरात शिंपीणबाई आल्या होत्या. दोन गाड्या बदलून, कुबड्यांवर, दिराला घेऊन. डावा पाय गुडघ्याखाली नाही. जुना कृत्रिम पाय टोचतो, रक्त येतं. पायाने चालवायचं शिवणयंत्र आहे त्यांचं. सहा महिने चादर घालून झाकून ठेवलंय. "चादर काढायची तेवढी राहिलीय बघा," म्हणाल्या, आणि हसल्या.

काकांनी तास-दीड तास घेतला. सूज उतरायची वाट पाहत होते, आता कुठे उतरलीय. हाड टोचतं ती जागा बोटाने शोधली. बाईंनी "हां, तिथंच!" म्हणून डोळे मिटले. त्या जागी साच्यावर निळ्या पेन्सिलने खूण केली. मग स्कॅन. माझ्या पडद्यावर तो पाय फिरताना पाहून बाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर माझाच!"

जुना पाय आम्हीच ठेवून घेतला, त्याची नळी नव्याला बसेल. तीन आठवड्यांत पाय पोचवतो, असं काकांनी सांगितलं. तोवर कुबड्या.

स्कॅन किती झटकन उघडला! गेल्या आठवड्यात मी केलेली दुरुस्ती फळाला आली. कुणी शाबासकी देणार नाही, तर मीच देते.

१० नोव्हेंबर, सोमवार

मशीनवाला सांगत होता, "ताई, रात्रीचा बॅकअप हल्ली चुटकीसरशी होतो." म्हटलं, होणारच!

१२ नोव्हेंबर, बुधवार

हातावर अजून प्लास्टरची भुकटी आहे.

मापघराच्या भिंतीवर माझी सूचना आहे, मोठ्या अक्षरांत, मी स्वतः चिकटवलेली — 'स्कॅन झाला की साचा फोडा. माप मशीनमध्ये सुरक्षित आहे.' पूर्वी प्लास्टरचे साचे सहा सहा महिने फळीवर धूळ खात पडायचे, पाय ठेवायला जागा नसायची. काकांशी वर्षभर भांडून मी ती पद्धत मोडली. आणि आज खाली जाऊन बघते तर फळीवर एका ओळीत चौदा साचे!

"काका, हे काय?"

"साहेब म्हणाले, काही दिवस राहू द्या."

"का?"

"ते मला कशाला सांगतील? म्हणाले, मनात जरा शंका आहे."

शंका! माझ्या फडताळावर शंका, आणि ती माझ्या पाठीमागे, काकांच्या कानात! लाकडी हातोडा उचलला आणि पहिला साचा मीच फोडला. निळी खूण होती त्याच्यावर, म्हणजे शिंपीणबाईंचा. तीन घावांत चुरा. काकांना म्हटलं, तुमचाही माझ्यावर भरवसा नाही का? तेव्हा त्यांनी हातोडा माझ्या हातातून घेतला आणि उरलेले तेरा एकेक करून फोडले. झाडूही त्यांनीच मारला.

मला त्यांच्या तोंडावरचं ते काही आवडलं नाही. पण पद्धत म्हणजे पद्धत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांनी जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमचं ते फाइलींचं फोल्डर पाहिलं. गेल्या आठवड्यापासून वाढलेलं दिसत नाही."

माझ्या फोल्डरवर पाळत! म्हटलं, "तुम्हाला फाइली नकोच होत्या ना? मग पेढे वाटा!" आणि वर चढले. मागून म्हणत होते, "नाही, आणि तक्त्याचंही—" त्यांचं तक्तापुराण ऐकायला थांबले नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता हद्द झाली.

मशीनवाल्याला सुरक्षेचे अपडेट घालायचेत. त्यासाठी मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं. दहा मिनिटांचं काम. आठवडाभर रखडलंय. साहेब म्हणतात, थांबा. का थांबा? "आधी ते फोल्डरचं कळू दे." त्या फोल्डरने या माणसाला झपाटलंय! माझ्याशी बोलायला दोनदा आले. दोन्ही वेळा मी फोन कानाला लावला. फोनवर कुणीही नव्हतं.

आईला सांगितलं, तर विचारते, "अगं, पण त्याला काय म्हणायचंय ते ऐकलंस का पूर्ण?" मी ताट सारून उठले. मग भूक लागली म्हणून परत येऊन बसले. तिने वाढलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीच्या मालकीणबाईंना पत्र लिहिलं. साहेबांना वळसा घालून, सरळ. एक वाक्य मला फार आवडलं, इथे उतरवून ठेवते — 'मशीन बंद करून चालू केल्याने फडताळातील कोणत्याही वस्तूस धोका नाही. याची संपूर्ण जबाबदारी माझी.' खाली सही ठोकली.

संध्याकाळी उत्तर आलं. परवा सकाळी आठ वाजता करा.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "ठीक आहे. सही तुमची आहे." हो, माझीच आहे!

२० नोव्हेंबर, गुरुवार

आठ वाजता मशीन बंद. आठ दहाला चालू. सगळं हिरवं. मी चहा घेतला.

नऊला खालून काकांचा फोन. "अगं, शिंपीणबाईंचं माप उघडत नाहीये. आज पाय ओतायला घ्यायचाय."

उघडेल, म्हटलं. मीच उघडायला गेले. फडताळाचं उत्तर — अशी वस्तू नाही.

नाही म्हणजे? दुसऱ्या पेशंटचं पाहिलं. नाही. तिसऱ्याचं, नाही. पाच तारखेनंतरचं कुणाचंच नाही. एकतीस माणसं! बॅकअप काढायला लावले, प्रत्येक रात्रीचे. मशीनवाला एकेक उघडत होता आणि मान हलवत होता. त्यांतही नाही.

मला लगेच कळलं. सगळं डेटाबेसमध्ये हलवायची खाज कुणाला होती? माझ्या फोल्डरमध्ये रोज डोकावत कोण होतं? गुपचूप हलवायला गेले, आणि पुसून बसले! म्हणून तर "शंका" होती! म्हणून तर मशीन बंद करू देत नव्हते, भांडं फुटेल म्हणून! केबिनमध्ये जाऊन तोंडावर म्हटलं. ते पांढरेफटक पडले. एवढंच म्हणाले, "मी काहीही हलवलेलं नाही. साचे आहेत ना खाली?"

साचे! वर हे मलाच विचारतात!

मालकीणबाईंना दुसरं पत्र पाठवलं. काही हातचं राखलं नाही. एकतीस जणांच्या पायांशी खेळ केला असं लिहिलं, आणि हेही लिहिलं की असा माणूस इथे एक दिवसही नको. उद्या अकरा वाजता त्या स्वतः येतायत. पुरावा आणा म्हणाल्या. आणते की! फडताळात कुणी काय बदललं, कधी बदललं, याची नोंद आपोआप होते. ती सोय माझीच. सकाळी लवकर जाऊन छापून घेते.

शिंपीणबाईंचं ते "चादर काढायची तेवढी राहिलीय" सारखं आठवतंय. त्या माणसाला कधी माफ करणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठ. नोंद उघडली. साहेबांचं नाव कुठेही नाही. शेवटचा बदल. ५ नोव्हेंबर, दुपारी बारा चाळीस. जागा: मेमरी. बदलणारी: मी. त्यानंतर ती ओळ कुणी परत बदललेलीच नाही. मशीन बंद झालं की मेमरी कोरी, आणि बॅकअप मेमरीचा होतच नाही. तक्ताही वाढलेला नव्हता, तेच जिन्यात मी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

साहेब अजून आलेले नाहीत. खाली जाऊन भिंतीवरची सूचना फाडली. काका म्हणाले, "कुणाची चूक निघाली गं?" सांगितलं. ते स्टुलावर बसले.

मग मापघरातूनच शिंपीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. म्हणाल्या, "झाला का माझा पाय?"