भोपळे सोडण्याबाबत

अहेरी,
६ मे १९८४

चि. गुणवंत यास ताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त डाव्या कानात पाणी आहे. कमळाची कंबर कशी आहे? (मलम लावून उपयोग नाही. तुझ्यासाठी पाणी भरणं थांबवायला सांग तिला.) साठीला पोहायला शिकणाऱ्या बहिणीवर तू पानभर हसलास आणि ते पान भद्रावतीच्या अख्ख्या कॉलनीला वाचून दाखवलंस, असं तीच कळवते. ठीक आहे. नळाच्या पाण्यावर जगणाऱ्यांना हसू येणारच.

हौस म्हणून मी पाण्यात उतरलेली नाही. चंदाला श्रावणात बाळ होणार. भामरागडच्या दवाखान्यात ती एकटी नर्स, त्यामुळे बाळंतपणाला इकडे येणार नाही म्हणते. (हा हट्ट तिच्या वडिलांकडचा.) मीच येते म्हटलं, तर उत्तर आलं, "पावसात इथी डोंग्याशिवाय हलता येत नाई. डोंगा उलटला तर मी बाळाले पाहू का तुले? पोहणं शिक, नाईतर येऊ नको." मी जन्मभर नर्स होते, निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली, आणि माझ्याच नातवंडाच्या वेळी मला प्रवेशपरीक्षा!

शेजारची रुखमा मला सकाळी तलावावर नेते. इकडच्या रीतीने माझ्या कमरेला दोन सुके भोपळे बांधते आणि स्वतः काठावर बसून, दात घासत, ओरडते, "सिस्टरबाई, पाय झाडा नं! काऊन जोडून ठेवले?" नागपूरच्या कॉन्व्हेंटात नन्सनी आम्हाला घोटे जुळवून बसायला शिकवलं, ते घोटे अजून सुटलेले नाहीत. पाण्यात त्यांचा काही उपयोग नाही, हे नन्सना ठाऊक नसावं.

गेल्या मंगळवारी एक भोपळा तडकला, म्हणून मी घाटाजवळच्या देवरावच्या वळचणीला टांगलेला उतरवून घेतला. (विचारलं असतं, पण तो घरी नव्हता.) चांगला जड होता. जड म्हणजे मजबूत, असं मी समजले. पाण्यात मी आधी उजवीकडे कलले, मग बुडाले, मग भोपळ्याचं पानांचं बूच निघालं आणि घाटभर मोहाच्या दारूचा वास सुटला. महिला मंडळाच्या दारूबंदी समितीची मी अध्यक्षा. धुणं धूत होती ती उरलेली समिती. सगळ्यांनी हातातलं धुणं थांबवून वास घेतला. देवराव तेवढा धावत आला, "बाई, हालू नोका, सांडून राह्यली!" म्हणत छातीभर पाण्यात शिरला, भोपळा सोडवला आणि तो घेऊन परत गेला. मला रुखमाने पदराला धरून ओढलं. दातवण तोंडातच होतं.

असो. आता मी तलाव आरपार पोहते. तेव्हा तुझे सल्ले तुझ्याजवळ ठेव.

तुझी,
ताई

ता. क. आरपार म्हणजे भोपळ्यांसकट. भोपळे सोडले की मी घाटाची पायरी सोडत नाही. रुखमाने चंदाला तसं कळवलं आहे.

दुसरा ता. क. भामरागडची एस.टी. पाऊस लागेपर्यंतच, म्हणजे त्याआधी मला भोपळ्यांशिवाय पोहता आलं पाहिजे. सुट्टीत वैनगंगेवर तू पाण्यातून "ताई, ये नं, मी धरतो" म्हणून हाका मारायचास आणि मी काठावर तुझे कपडे सांभाळत बसायचे, आठवतं? रजा काढून ये आणि धर. हसायचं असलं तर हस, पण हात सोडू नकोस. या वेळी कपडे कमळा सांभाळेल.