अण्णा, तुमच्या मोटारीला आम्ही हात लावला

सोलापूर, मंगळवार पेठ
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप शिवयोगीअण्णांच्या चरणी,

आपल्या धाकट्या बहिणीचा, निंगव्वाचा, नवरा महिपती याचं लोटांगण. (कंबर धरली असल्यामुळे ते कागदावरच घालतो आहे, गोड मानून घ्यावं.) आपली, वहिनींची आणि आपल्या दम्याची खुशाली कळवावी. गदगची हवा मानवली असेलच. निदान सोलापूरच्या उन्हातून सुटलात, हे काय थोडं आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. मोटारीचं विचाराल, तर तीही आहे.

अडीच वर्षांपूर्वी बदलीवर जाताना 'मोटारीला कुणी हात लावायचा नाही' असं आपण बजावून गेलात. आम्ही शब्द पाळला. खाली विटा लावल्या, वर चादर घातली, आणि शेडकडे पाठ फिरवली. पण अण्णा, आपल्या भाचीचं, नीलम्माचं जमत आलं! वैरागचं स्थळ, मुलगा शाळामास्तर, माणसं सोन्यासारखी, आणि अट एकच. मुलाचे आजोबा रावजीआबा स्वतःच्या वरातीत घोड्यावरून पडले, तेव्हापासून त्या घरात नवरदेव घोड्यावर चढत नाही. "मोटार मिळंल का?" आबांनी विचारलं. मी म्हणालो, "मिळंल काय, घरचीच हाय की!" (माझं तोंड आपल्याला ठाऊक आहे.) आबा म्हणाले, "मग शुक्रवारी येतो. चालू करून दावा, तितंच सुपारी फोडू." झालं! पोरीचं लग्न आपल्या मोटारीच्या हँडलला बांधलं गेलं.

शुक्रवारी सकाळी सातला मी हँडल मारलं. हँडलने मला मारलं. कंबर तेव्हाचीच. मग गिरणीतल्या मडिवाळप्पा फिटरला बोलावलं. हा माणूस तीस वर्षं वाफेच्या इंजिनावर आहे, म्हणून मोठ्या भरवशाने बोलावला; त्याने विटा आणि चादर काढली, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्याचं बॉयलर कुटं हाय?" नाही म्हटल्यावर तो जरा नाराज झाला. तरी हटला नाही. टाकीतलं पेट्रोल हुंगून 'शिळं' ठरवलं आणि ओतून दिलं, नवं आणलं. गादीखालून उंदरांचं आख्खं बिऱ्हाड हलवलं. (त्यांनी आपले दोन जुने कागद खाल्ले आहेत, महत्त्वाचे नसावेत.) प्लग काढून घासले; निंगव्वाने ते तव्यावर खरपूस गरम करून दिले, त्याच तव्यावर मागाहून भाकरी झाल्या, त्यांना अजून वास येतो. पुन्हा हँडल. मोटार दोनदा खोकली, अगदी आपल्यासारखी (क्षमस्व), आणि गप्प. मग निंगव्वाने मीठमिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली. धुराने आम्ही सगळे शिंकलो, मोटार तेवढी शिंकली नाही.

तेवढ्यात आबा दारात! नीलम्मा दाराआड उभी राहून पदराचं टोक पिळत होती, ते बघवेना हो अण्णा. मी सरबताचं काढलं, आबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. बाजारात बैल पारखावा तसे ते मोटारीभोवती फिरले. चाकं दाबली, समोरून तोंड बघितलं, मागे गेले, वाकले, आणि धुराच्या नळीत काठी घालून म्हणाले, "अवो पाव्हणं, पोट बांधलंय की हिचं!"

काठीला लागून बाहेर काय आलं म्हणता? एक हिरवा खण, गच्च कोंबलेला. त्यामागे हळकुंडं. मग खारका, सुपाऱ्या, आणि मुठी-मुठी तांदूळ, दगड झालेले. सगळ्यांनी निंगव्वाकडे बघितलं. ती म्हणाली, "दसऱ्याला वटी भरत हुते. तीन दसरं झालं. दुसरी जागाच घावंना." मी कपाळाला हात लावून विचारलं, अगं मोटारीची ओटी? तर उसळून म्हणते, "माहेरचं माणूस काय येत न्हाई. माहेरची मोटार तरी दारात हाय, तिला रिकामी ठिवू व्हय?"

मग मडिवाळप्पाने हँडल मारलं आणि अण्णा, असा बार उडाला की पेठेतले माग थांबले! नळीत उरलेले तांदूळ फवाऱ्यासारखे उडाले ते आबांच्या पटक्यावर, माझ्या डोक्यावर आणि दारात आलेल्या नीलम्मावर. आबा पोट धरून हसत सुटले. "अक्षता पडल्या! आता कोण मोडतंय हे लगीन!" सुपारी तिथेच फुटली. (नळीतलीच घेतली, दुसरी हाताशी नव्हती.) तरी वरातीसाठी मोटार वापरायची परवानगी द्यावी, ही विनंती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
महिपती

ता. क. मोटार सुरू झाली, हे खरं. ती गेअरमध्ये होती, हे लिहायचं राहिलं. शेडची पुढची भिंत आता नाही. मडिवाळप्पा बॉनेटवर बसून परसापर्यंत गेला. मोटार त्यानेच थांबवली असं तो सांगतो. मला वाटतं लिंबाच्या झाडाने थांबवली. एक दिवा सापडला आहे.

आणखी एक. आबांना मोटार तरीही पसंत आहे. म्हणाले, इंजिन न्हाई तर न्हाई, माझी खिलारी जोडी जुंपू. तेव्हा वर मागितलेली परवानगी घाईने पाठवू नये, जोडी ठरली आहे.

आणि शेवटचं. निंगव्वाला लिहिता येत नाही. शेजारी बसून सांगते आहे, ते तसंच उतरवतो: "अण्णा, वैशाख शुद्ध दशमीला लगीन हाय. पोरीच्या मागं उभं राहायला मामा पायजे. मोटारीवरनं रागवायचं असलं, तर हितं यिऊन रागव."