धुडकू नानांना सन्मानाने काढण्याबाबत

१२ जानेवारी १९३४, नवापूर
ठरलं. धुडकू नानांना विश्रांती द्यायची. आमच्या लाकडाच्या डेपोत तीस वर्षं हेडक्लार्क. आता कागद नाकाला लावून वाचतात. त्यांची खुर्ची मला, धाकट्या कारकुनाला, मिळेल हा भाग वेगळा, मुख्य हेतू दया. सुरतेच्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहिणार. रविवारी एका बैठकीत संपवतो.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत
संपलं नाही. ‘काढून टाका’ याला नीट इंग्रजी शब्द सुचेना. डिक्शनरी गावात एकच, नानांकडे. मागायला गेलो तर त्यांच्या पत्नी दगूबाईंनी बळेच बसवून तीळगूळ दिला. दोनदा. पोटात अजून जळजळतंय. गूळ जुना असावा.

१६ जानेवारी
नानांकडे बसून डिक्शनरीत शब्दांचा अभ्यास. इव्हिक्ट भाडेकरूला. इजेक्ट म्हणजे मानेला धरून. आउस्टमध्ये भांडण दिसतं. डिसमिस चोराला. शेवटी नानांनाच विचारलं. मामांच्या दुकानातला म्हातारा नोकर काढायचाय, अशी थाप मारली.
नाना म्हणाले, “डिसमिस नको लिखजो भो, मानूस खची जास.”
मग नोकराला मुलंबाळं किती ते विचारलं. एक मुलगी लग्नाची, असं माझ्या तोंडून निघालं. नानांचीही एकच आहे. त्यांनी विचार करून ‘रिटायर’ शब्द घालून सुंदर वाक्य लिहून दिलं. मी ते जसंच्या तसं घेतलं. चांगलं वाक्य वाया का घालवा?

१९ जानेवारी
पत्र गुपचूप टाकलं. जोर यावा म्हणून वर लिहिलं, या डेपोला एकच कारकून पुरे. झोप मात्र नाही. ढेकूण.

२ फेब्रुवारी
घात झाला. साहेबाचं टपाल नाना फोडतात हे विसरलोच होतो. उत्तर नानांनी वाचलं, मग हळू आवाजात मला समजावलं. एकच कारकून पुरे हे साहेबाला पटलंय. म्हणून धाकट्या लोटनला महिनाअखेर काढायचं. म्हणजे मला!
साहेबाने माझं वाक्यही उतरवून पाठवलं होतं. म्हणजे नानांचं. त्यांनी ओळखलंच असणार. कागदाची घडी करून फाइलीत लावली. लाज वाटली. घरी हिला सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी
नानांनी साहेबाला उत्तर लिहिलं. लोटनला लहान लेकरं आहेत, त्याला ठेवा, मला रिटायर होऊ द्या. तपासून टाकायला माझ्याच हातात दिलं.
“इंग्रजी बराबर शे का, दखी ले.”
पोस्टापर्यंत जाताना फाडायचं पक्कं ठरवलं होतं. टाकलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली होती, नियम म्हणजे नियम.

१ मार्च
साहेबाने नानांचं ऐकलं. खुर्चीवर बसलो. निघताना नाना म्हणाले, “साहेबना कागद उना ते बलाई लेजो. मी ई वाची दिसू.” बोलावलं की येऊन वाचून देणार म्हणे.

५ मार्च
साहेबाचा कागद आला. ‘डिअर’पर्यंत समजला, पुढे डिक्शनरी लागते. नानांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. कागद खिशात आहे.