शिट्टी होईपर्यंत

३ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून हा पत्रप्रपंच. सोळाव्या वर्षी पोरं सांभाळायला जाणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवणं, असं तू म्हणाला होतास. अगदीच तसं नाही. माझ्या गटात सहा-सात वर्षांची नऊ पोरं आहेत. ती मला खारूताई म्हणतात. त्यांना किडे, घरटी, पानं दाखवायची आणि सकाळी हरवलेले मोजे शोधून द्यायचे, हे माझं काम.

घोडं अडलंय एकाच ठिकाणी. रोज संध्याकाळी इथे ‘एकट्याची बैठक’ असते. पायवाटेने जाताना एकेकाला एकेका झाडाखाली बसवायचं, त्याने गप्प बसून रानातले आवाज ऐकायचे, मग ताईने सगळ्यांना गोळा करायचं. माझी पोरं बसतात कसली? शेजारच्या गटाच्या दादाने हाक मारली की माझीच निम्मी धावतात. सगळ्यात लहान आहे तिला मी मुंगी म्हणते. ती तर भीतीने माझं बोटच सोडत नाही.

तू आडमुठ्या कुत्र्यांना शिकवून माणसांत आणतोस. काही युक्ती असली तर कळव. पोरांसाठी कुत्र्यांची युक्ती मागितली हे मात्र आईला सांगू नकोस.

मामीला नमस्कार. लोभाचा माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
ठकू

८ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. जी स्वतः जेवताना चारदा उठते ती दुसऱ्यांना काय बसवणार, असं तिचं म्हणणं. मी तुझी बाजू घेतली, तर मलाही दोन शब्द ऐकावे लागले.

आता युक्ती. उठायचं कधी हे ठाऊक नसतं, म्हणून कुत्रं चुळबुळ करतं. तेव्हा उठायची खूण एकच ठेव आणि ती तुझीच ठेव. तुझ्या आईची बोलणी खाऊन तुला तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला शिकवली, ती आता कामी येऊ दे. पोरांना सांग, खारूताईची शिट्टी होईपर्यंत जागचं हलायचं नाही, मग दुसरं कोणी का बोलावेना. पहिल्या दिवशी लगेच वाजव, मग वेळ हळूहळू वाढव. शिट्टी होणारच असा भरवसा बसला की भित्र्यातलं भित्रंही बसतं. तुझी मुंगीसुद्धा बसेल.

फार मोठा गुरू समजू नकोस. नव्याने आलेलं एक कुत्रं रोज माझीच चप्पल खातंय.

इकडे सर्व ठीक. तुझा लोभ टपालाने येत राहू दे.

तुझा,
मामा

१७ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

युक्ती लागू पडली. मुंगी तर सगळ्यांत छान बसायला लागली. हे तुला चार दिवसांपूर्वीच कळवायचं होतं, पण आज-उद्या करत राहिले. आता सांगायचंय ते वेगळंच आहे.

परवा बैठकीत एका मुलाला गांधीलमाशी चावली. ओठ टम्म सुजला. त्याला पाठुंगळी घेऊन मी तळावर धावले आणि जाता जाता शेजारच्या दादाला सांगितलं की माझी पोरं घेऊन ये. त्याने वाटेवरून हाका मारल्या. बाकीची शेवटी कंटाळून उठली. मुंगीचं झाड वळणापलीकडे होतं. ती उठली नाही आणि तिने हाकेला ओसुद्धा दिली नाही.

त्या मुलाला औषध दिलं, सूज उतरली. सगळे मला शाबास म्हणत होते. मी पाठुंगळीची हकीकत दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा तिखटमीठ लावून. त्या भरात पोरं मोजायची राहिली. जेवायला बसलो आणि एक ताट उरलं, ते मुंगीचं होतं.

बॅटरी घेऊन एकटीच पळत सुटले. काळोख पडला होता. मुंगी त्याच झाडाखाली गुडघे पोटाशी धरून बसली होती. तिची चड्डी ओली झाली होती. मी समोर उभी राहिले, चल म्हटलं, तरी उठेना. माझे ओठ इतके थरथरत होते की शिट्टीच वाजेना. कशीबशी वाजली तेव्हा ती उठली आणि म्हणाली की ती जराही हलली नव्हती.

तळावर शिबिराच्या बाईंनी विचारलं, ही मागे कशी राहिली. मी तोंड उघडायच्या आत मुंगीनेच सांगून टाकलं की ती आपलं झाड सोडून भलत्याच झाडाखाली जाऊन बसली होती. बाई तिला रागावल्या. दादा खाली बघत राहिला. मी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी आईवडील येऊन तिला घरी घेऊन गेले, आणि तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मला माझीच किळस येते. तरी लोभ ठेवशील ना?

ठकू

२२ मे

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शिबिराच्या कचेरीत फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी खोकत बसलो असतो, म्हणून पत्रच.

उठायची खूण नेहमी दोघांना ठाऊक असावी लागते. माझं प्रत्येक कुत्रं मामीच्या शिट्टीलाही उठतं. उद्या मी आजारी पडलो तर बिचाऱ्याने बसूनच राहायचं का? तुला नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं. फार वाईट वाटतं. पोर आणि कुत्रं एका मापाने मोजायला गेलो, तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

मामी म्हणते, कौतुकात भान सुटणं माणसाचंच आहे, पण आपली बोलणी त्या एवढ्याशा पोरीला खाऊ देणं आपल्या घराला शोभत नाही. शिबिर संपलं की तिच्या घरी जा आणि तिच्या आईला सगळं सांग. मी सोबत येणार नाही. मी असलो तर तू माझ्या तोंडाकडे बघत बोलशील.

लोभाचं विचारू नकोस, तो आटलेला नाही.

मामा

२ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आई शिवणकाम करते. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पार खिडकीपर्यंत होते. तिने एका खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली. मी सगळं सांगितलं: शिट्टी, गांधीलमाशी, शाबासकी, माझं गप्प बसणं. काही म्हणजे काही लपवलं नाही. मशीन थांबवून तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग मुंगीला हाक मारून विचारलं. मुंगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की ती भलत्याच झाडाखाली बसली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, खरं सांग म्हणून विनवलं. तिने नुसती मान हलवली.

तिच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली की मी मोठ्या मनाची आहे, म्हणून लहानग्या मुंगीचा दोष अंगावर घेतेय, पण तिची मुलगी कधी खोटं बोलत नाही. पुढच्या वर्षीही तिला माझ्याच गटात घालणार आहे. मी पुन्हा सांगायला लागले, तर तिने हसून मशीन सुरू केलं.

निघताना मुंगी दारापर्यंत आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. त्या दिवसापासून तिला एकटीने बाहेर पडायची बंदी आहे, खाली खेळायलासुद्धा. मला खाली वाकवून ती कानात म्हणाली की आता खारूताईला कुणीच रागावणार नाही.

आज लोभ मागायचा धीर होत नाही.

ठकू