बाबांच्या थंडीवर बीफ स्ट्यू

११ जानेवारी, शनिवार
काल सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. टेंपरेचर बावीस, म्हणजे इथल्या बारमाही उकाड्यात थंडीच. आमचं अख्खं सेम्बावांग उपनगर जॅकेट घालून फिरतंय. बाबांनी आयुष्यभर नागपूरची थंडी काढली, पण इथे मंकी कॅप घालून सोफ्यावर बसलेत. आतून गार वाटतं म्हणतात. जेवणही कमी. अर्धी पोळी, तीही पाण्याच्या घोटाबरोबर ढकलतात.

प्रियदर्शिनीचं म्हणणं, बाबांना घास अडकतो, डॉक्टरला दाखवू. शेजारच्या ब्लॉकमधल्या क्लिनिकची गुरुवारची अपॉइंटमेंट घेऊनही टाकली. माझी बायको लॅबमध्ये काम करते, तिला जिथेतिथे टेस्ट दिसते. मी प्रोसेस इंजिनियर. मला रूट कॉज दिसतो. आई गेल्यापासून बाबांना मनासारखं जेवण मिळालेलं नाही. आई थंडीत मोठ्याच्या मांसाच्या नळ्या शिजवायची. बाबा हाड ताटावर आपटून आपटून आतलं काढून खायचे.

उपाय ठरला. बीफ स्ट्यू. यूट्यूबवर एक दाढीवाला गोरा बर्फात उभा राहून करतो. बघूनच अंगात ऊब येते. महिन्याभरात बाबांचे गाल वर येणार.

१२ जानेवारी, रविवार
मार्केटमधून चरबीचा ठिपकाही नसलेला लालभडक तुकडा आणला. गाजर, बटाटा, सेलरी, तमालपत्र. दीड तास शिजवलं.

थोडं चिवट झालं. पण बाबांनी बाउल रिकामा केला. मी प्रियदर्शिनीकडे बघितलं.

१३ जानेवारी, सोमवार
बाबांच्या उशीखाली टिश्यूत गुंडाळलेले मांसाचे तुकडे सापडले. चावलेले. आमच्या जान्हवीने आणून दाखवले. चौदाव्या वर्षी मुलांना प्रत्येक गोष्टीचा ड्रामा लागतो. बाबा पूर्वीपासून पाखरांना घास काढून ठेवतात. इथे मैना भरपूर आहेत.

पण चिवटपणा मान्य. पुढच्या वेळी दुसरा कट.

१५ जानेवारी, बुधवार
क्लिनिकला फोन करून उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. अशक्त माणूस समोर आला की डॉक्टर उगाच घाबरवतात. आधी दोन-तीन आठवडे नीट खाऊ देत, मग खुशाल तपासा.

प्रियदर्शिनी म्हणाली, तुझे वडील आहेत म्हणून मी गप्प बसते. गप्प मात्र बसली नाही, अर्धा तास बोलली. शेवटी मी बाबांनाच विचारलं. आत्ता डॉक्टर नको, असं ते लगेच म्हणाले. माझा प्रश्नही पुरा होऊ दिला नाही. बघा म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार
कास्ट आयर्नचं जड भांडं आलं. याच्यात तळाला लागत नाही म्हणे.

लागलं. ऑफिसचा कॉल लांबला, त्यात माझा दोष नाही. अलार्म वाजला, समोरच्या फ्लॅटमधली आंटी ओला टॉवेल घेऊन धावत आली. वरचं वरचं काढून बाबांना दिलं. एक बटाटा घेतला आणि ठसका लागला. बराच वेळ थांबेना. डोळ्यांतून पाणी.

सेलरीचे धागे. सेलरी बंद.

२२ जानेवारी, बुधवार
बाबांनी बेल्टला खिळ्याने नवीन भोक पाडलं. जुनी दोन आधीच मागे पडलीत. या वयात पोट नाही हे चांगलंच. रक्ताभिसरण सुधारतं.

कॅप मात्र काढत नाहीत. पाऊस थांबून दोन दिवस झाले.

२६ जानेवारी, रविवार
आज बरोबर जमलं. दाढीवाल्याला रामराम ठोकला, सरळ कुकर लावला. नडगीचं मांस, हाडासकट. बोटाने दाबलं तरी सुटत होतं. आईच्या नळ्यांच्या जवळपास जाणारं काहीतरी.

बाबांनी दोन चमचे घेतले. मग हाताने थांब अशी खूण केली आणि बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. प्रियदर्शिनी दाराबाहेर उभी राहिली. नळ चालूच.

मी म्हटलं, पुढच्या वेळी मसाला कमी करू.

जान्हवी प्लेट उचलत होती. माझ्याकडे न बघता, इथल्या पोरांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "पप्पा, इट्स नॉट द बीफ, लाह."

मोठ्यांशी असं बोलतात का, यावर तिला एकदा बसवून सांगायला हवं. सगळं मिक्सरमधून काढावं, ही कल्पना मात्र मला त्याच वेळी सुचली.

३० जानेवारी, गुरुवार
चायनीज न्यू इयरची सुट्टी. स्ट्यू मिक्सरमधून काढला, चाळणीने गाळला. कढणच म्हणा. बाबांना टेकवून बसवलं, मी स्वतः भरवलं. पहिला चमचा परत आला. मग नुसतं पाणी दिलं. तेही परत आलं.

प्रियदर्शिनीने टॅक्सी बोलावली. मला विचारलं नाही. मी थर्मास भरून घेतला, हॉस्पिटलमध्ये चार तास बसवतात, बाबांना मध्ये भूक लागली तर.

थर्मास तसाच परत आणला. बाबांना ठेवून घेतलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार
दुर्बीण घातली, स्कॅन झाला. डॉक्टर लहानशी मुलगी, जान्हवीपेक्षा फार मोठी वाटत नव्हती. अन्ननलिकेत गाठ आहे. लिव्हरमध्येही गेली आहे. ऑपरेशन होणार नाही.

त्रास कधीपासून, तिने विचारलं. बाबा म्हणाले, दिवाळीपासून. मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. मग तिने विचारलं, इथे आल्यावर कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं का. तो प्रश्न मी बाबांना मराठीत सांगितलाच नाही. प्रियदर्शिनी खिडकीकडे बघत राहिली.

मी विचारलं, अगदी मऊ शिजवलेलं चालेल का. ती म्हणाली, नाकातून नळी घालतोय, सगळं त्यातूनच द्यायचं. मी विचारलं, किती दिवस. तिने नळी कशी धुवायची ते दाखवलं.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबा घरी आलेत. शुक्रवारी मी त्यांना नागपूरला घेऊन जाणार. मोठ्या काकांशी बोलून झालं. तिथल्या हवेत फरक पडेल असं मी म्हणालो. काकांनी फ्लाइटची वेळ विचारून फोन ठेवला.

सकाळी बाबांनी जवळ बोलावलं. आज ते तुझं कर, म्हणाले. काय, तर स्ट्यू. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला आता चालत नाही. माहीत आहे, म्हणाले. कर.

केला. प्रियदर्शिनीने गाजरं चिरून दिली, आपणहून. कुकर उघडला तेव्हा बाबा भिंतीला धरत धरत टेबलापाशी आले. नळी गालावर चिकटवलेली. मी एकच बाउल वाढला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

"तू खाय," बाबा म्हणाले. "मी इथंच बसतो."

खाल्लं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्याबरोबर त्यांचाही जबडा थोडा हलत होता.

"मीठ बरोबर पडलं काय?"

मीठ घालायचंच राहिलं होतं. पूर्ण राहिलं होतं. मी म्हटलं, बरोबर पडलं, बाबा.

त्यांनी मान हलवली. मग वाढायचा डाव माझ्याकडे सरकवला.

"अजून घे."

घेतलं.