वांगी पुन्हा किडू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
भाजीपाला संशोधन केंद्र.

विषय : 'कीडमुक्त वाफा' पुरस्कार परत घेऊन तोच वाफा आणखी एक हंगाम किडीस उपलब्ध करून देण्याबाबत.
संदर्भ : गेल्या शुक्रवारी सभागृहात आपण माझ्या पाठीवर दिलेली शाबासकीची थाप.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, फवारणीशिवाय अळीला दाद न देणारे वांग्याचे वाण शोधण्याचे काम आपण माझ्यावर सोपवले होते. वाफ्यावर कीड मनसोक्त येऊ द्यायची आणि जे वाण तरेल ते निवडायचे, एवढी साधी रीत आहे. माझ्या वाफ्यावर कीड आलीच नाही. लावलेली सगळीच वाणे तरली.

२. तुलनेसाठी मुद्दाम लावलेले, दरवर्षी हमखास पोखरले जाणारे वाणही बिनडागाचे निघाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. परंतु मी अहवालात 'शेजारच्या गुणी वाणांचा सुपरिणाम' असे शास्त्रीय कारण नोंदवले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हणही तळटीपेत घालणार होतो. सहकाऱ्याने अडवले, त्याचा मी आभारी आहे.

३. पुरस्काराच्या दिवशी घरी जेवताना मी स्वतःच्या बुद्धीविषयी बरेच बोललो. सासरे गालात हसत होते. ते निवृत्त माळी असून आमच्याकडेच राहतात. पत्नीने खोदून विचारले तेव्हा कळले की, ते सकाळी फिरायला म्हणून निघत आणि पाठीवर पंप घेऊन थेट माझ्या वाफ्यावर जात. 'फवारणी करू नये' ही पाटी त्यांनी वाचली होती. औषधाच्या खर्चाला मंजुरी मिळाली नसेल, म्हणून जावयाने लाज झाकायला ती लावली, असा त्यांचा समज झाला. वांगी किडली तर जावयाचे चारचौघांत नाक कापले जाईल, म्हणून त्यांनी पदरचे औषध वापरले.

४. सबब, या वाणांचे बियाणे पुढील आठवड्यात बागायतदारांना वाटायचे ठरले आहे, ते कृपया तातडीने थांबवावे. माझ्या अहवालावर विसंबून ते फवारणी सोडतील आणि त्यांचे पीक अळीच्या घशात जाईल. माझे हसे झाले तरी हरकत नाही, घरी ते सुरू झालेच आहे. सासऱ्यांवर मात्र कारवाई होऊ नये.

५. आणखी एक हंगाम का मागतो, तेही लिहितो. आयुष्यभर फवारून सासऱ्यांची छाती कामातून गेली आहे. औषधाच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. अशा माणसांच्या पाठीवरचा पंप उतरावा म्हणून मी हे वाण शोधत होतो, आणि माझी अब्रू राखायला त्यांनी तो पुन्हा पाठीवर घेतला. हंगामभर त्यांचा खोकला वाढत होता. त्याचेही मी 'हवा बदलली' असे शास्त्रीय कारण दिले होते. याची मला फार लाज वाटते.

आता पंप कुलपात आहे. सासरे रिकाम्या हाताने वाफ्यावर जातात. आज सकाळी त्यांनी पहिले किडके वांगे आणून माझ्या हातावर ठेवले आणि तोंड फिरवून म्हणाले, "घ्या, लागली एकदाची." तरी विनंतीचा विचार व्हावा.

आपल्या थापेस अद्याप अपात्र,
(सही)
कनिष्ठ संशोधक, वांगी विभाग
सोमवार

सोबत :
१. पुरस्काराची ढाल.
२. किडके वांगे, एक नग, अळीसह. कृपया तिला मारू नये, ती कामावर आहे.