सरळ रेष आणि खालचं रान

प्रिय गोमटेश,

फोन केला असता तर "अक्का, मागनं बोलू" म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते आहे. काल आष्ट्याहून सांगलीला परत येताना एसटीत मी नुसती धुमसत होते.

पाणी संस्थेचा चेअरमन म्हणून सभासदांच्या पाण्याचे आणि उसाच्या टनांचे आकडे तूच मला आणून दिलेस. पाणी वाढवलं की ऊस वाढतो का, तपासून दे म्हणालास. कॉलेजात मी हेच शिकवते, तेव्हा हौसेनं केलं. सहसंबंध गुणांक जवळपास शून्य आला. त्याखाली मी स्वच्छ लिहिलं होतं की ही चाचणी फक्त सरळ रेषेतला संबंध ओळखते, सोबतचं चित्र बघ. चित्रातले ठिपके आधी चढतात आणि मग टेकाड उतरावं तसे खाली येतात. म्हणजे एका मर्यादेपर्यंत पाण्यानं ऊस वाढतो, पुढं तेच पाणी त्याला मारतं. चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तो शून्य.

तू चित्र उघडलंही नाहीस. मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलंस, "आमच्या अक्कानं टेस्ट केलीया. जादा पाण्याचा आन् टनेजचा काय बी संबंध न्हाई. मोटरी चालू द्या." तेही माझ्या नावावर. अरे, संबंधच नव्हता तर मोटरी बंद का नाही केल्यास? पण शून्याचासुद्धा तुला सोयीचाच अर्थ लागला.

वरच्या उसाचं पाणी झिरपून आपल्या खालच्या रानात साचतंय. अण्णा गेल्यापासून आईचा जीव त्या रानातच रमतो. काल तिनं मला बांधावर नेलं. जमिनीवर पांढरा क्षार फुललाय, मेथी उगवलेलीच नाही. मूठभर माती हातात घेऊन ती म्हणाली, "तुज्या हिशेबात हे कसं आलं न्हाई गं?" तुझ्यामुळे हे मला ऐकावं लागलं, याची चीड अजून जात नाही.

आणि अशात तुझं भाऊबीजेचं पार्सल आलं. साडी, आणि तिच्या घडीत हक्कसोडीचा कागद. सगळ्या बहिणी करतात तशी मी मुकाट सही करणारही होते. आता नाही. साडी ठेवून घेतली, कागद सही न करता परत पाठवते आहे. मला माझा वाटा हवा, आणि तो खालच्या रानातच हवा. तिथं मी निचऱ्याच्या पाइपा टाकणार आहे. रान नावावर झालं की मीटिंगला मी सभासद म्हणून येईन. माझं म्हणणं तुझ्या तोंडून सांगायची तेव्हा गरज पडणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
कीर्तीअक्का